जमिनीखालचे हजार चौरस फूट

ज्या माणसाचं बालपण दीड खोलीत गेलं आहे, त्याला घराच्या खाली आणखी हजार चौरस फूट मिळताहेत असं कळलं की तो पाण्याचा विचार करत नाही. तो कॅरमचा विचार करतो. न्यू जर्सीत घर बघायला आलेलं मराठी कुटुंब नीट पाहा. वहिनी स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघत असतात, मुलं वरच्या खोल्यांच्या वाटणीवरून भांडायला लागलेली असतात, आणि यजमान एजंटबाईंचा डोळा चुकवून एव्हाना खाली बेसमेंटमध्ये पोचलेले असतात. खाली असतं काय? काँक्रीटच्या चार भिंती, एक फर्नेस, पाणी तापवायची टाकी, छताला टांगलेले पाइप आणि कोपऱ्यात झाकण घातलेला एक खड्डा. यजमानांना यातलं काहीही दिसत नाही. त्यांना दिसतो भिंतभर टीव्ही, मंडळाच्या नाटकाची तालीम, गणपतीची आरास आणि टेबल टेनिसचं टेबल, ज्याच्यावर पुढे आयुष्यभर घड्या घालायचे कपडे पडणार असतात. त्या झाकणाखाली काय आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

या मुलखात घराखाली खणतात ते थंडीपायी. हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते, आणि गोठलेली माती फुगून वरचं बांधकाम उचलायला बघते. म्हणून पाया त्या थराच्याही खाली न्यावा लागतो. इथे साधारण तीन फूट. तीन फूट खणायचंच आहे तर आणखी चार-पाच फूट खणा, एक मजला पदरात पडतो, असा हा हिशेब. टेक्सास-फ्लोरिडाकडे एवढी थंडी नाही, म्हणून बेसमेंटही सहसा नाही. जुने लोक या खड्ड्यात कोळसा ठेवत, बटाटे ठेवत. खड्ड्याकडून त्यांच्या अपेक्षा खड्ड्याइतक्याच होत्या. पुढे कुणाला तरी तिथे गालिचा अंथरायची बुद्धी झाली आणि ‘फिनिश्ड बेसमेंट’ हा प्रकार जन्माला आला. भिंतींना आतून लाकडी चौकट, तिच्यावर ड्रायवॉल, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेला जिप्समचा तक्ता, आणि जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. बुरशीला जगायला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि खायला काहीतरी. खाण्याची सोय अशी आधीच लावून ठेवलेली असते. ओल काय, येईल तेव्हा येईल.

त्यात मराठी बेसमेंट म्हणजे बुरशीची पंगतच. मखराचे थर्माकोलचे खांब, ऐतिहासिक नाटकातल्या लाकडी तलवारी आणि मावळ्यांच्या पगड्या, बॅगांच्या पोटात बॅगा आणि त्या बॅगांच्या पोटात आणखी बॅगा, मिक्सर बिघडून दहा वर्षं झाली तरी जपलेलं मिक्सरचं खोकं, आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. हे अंक कुणाकडून कुणाकडे वाचायला गेले, परत आले की आलेच नाहीत, याचा इतिहास हरवलेला असतो. पण टाकवत नाहीत. हे सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत आणि थेट जमिनीवर. पाणी एक इंच आलं तरी पुरे.

१ सप्टेंबर २०२१ला, बुधवारी, आयडा वादळाचं शेपूट न्यू जर्सीवरून गेलं. लुइझियानात थैमान घालून आल्यावर ते एवढं दमलेलं होतं की त्याला कुणी मनावर घेतलं नव्हतं. पण त्या एका दिवसात नेवार्कला ८.४१ इंच पाऊस पडला. तिकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या दारासमोर भिजलेल्या गालिच्यांच्या गुंडाळ्या आणि फुगलेली पुस्तकं आली. फोनवर विचारपूस सुरू झाली, आणि आपली माणसं खरी कुठली आहेत ते कळलं. मुंबईकराला २१४ मिलिमीटर म्हणून सांगा, तो हसतो. “२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ पडला होता. मी कुर्ल्याहून दादरपर्यंत छातीभर पाण्यातून चालत आलोय.” २६ जुलै म्हटलं की पुढे २००५ सांगावं लागत नाही. पुणेकर त्याच्याही मागे जातो. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला, आणि हा जन्मला त्याच्यानंतर बारा वर्षांनी. पण ओंकारेश्वरापाशी पाणी कुठवर आलं होतं ते हात वर करून दाखवतो. गंमत म्हणजे या दोन्ही शूरवीरांची बेसमेंटं आयडाच्या रात्री बुडाली होती. मुंबईकर तर २६ जुलैची गोष्ट ओल्या गालिच्याचं दुसरं टोक धरून सांगत होता.

आता थोडं गणित. दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर सव्वाआठ-साडेआठ इंच पाऊस म्हणजे जवळपास तीस हजार लिटर पाणी. पुण्यात सोसायटीला दहा हजार लिटरचा टँकर येतो. तसे तीन टँकर एका रात्रीत, एका घराच्या छपरावर, फुकट. तिकडे टँकरवाल्याला फोनवर फोन करणारा माणूस इकडे येऊन त्याच पाण्यापासून तोंड लपवतो आहे, हे नशिबाचे खेळ. आणि हे तीन टँकर छपरावर थांबत नाहीत. पन्हळीतून पाइपात, पाइपातून खाली, आणि तिथून पुढे कुठे जातात हे बघायला पावसात कुणीच बाहेर आलेलं नसतं. सगळे आत, पंपाभोवती.

पंप हा त्या झाकणाखालच्या खड्ड्यात राहतो. सम्प पंप. पायाखालचं पाणी झिरपून खड्ड्यात जमतं, तरंगता गोळा वर येतो, गोळ्याने बटण दाबलं की पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर फेकतो. पाणी परत मागे येऊ नये म्हणून पाइपात एक झडप. याच्याहून साधं यंत्र शोधून सापडणार नाही, पण त्याला दोन खोडी आहेत. एक म्हणजे तो गोळा खड्ड्याच्या भिंतीला अडकतो. वर्षानुवर्षं पाणी आलं नाही की पंपही आळसावतो. म्हणून वर्षातून दोन-तीनदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो उठतो की नाही ते बघायचं असतं. बघतं कोण? दुसरी खोड म्हणजे त्याला वीज लागते. आणि वादळात वीज जाते, हे तर आपल्याला शाळेच्या वयापासून ठाऊक. २९ ऑक्टोबर २०१२ला सँडी वादळ आलं तेव्हा इकडे पावसाचं काही विशेष नव्हतं, पण कित्येक भागांत आठवडाभर वीज आली नाही. लोडशेडिंगच्या राज्यातून आलेली ही माणसं. घरात इन्व्हर्टर, खिशात मेणबत्ती, दळणाची वेळ विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे. ते सगळं शहाणपण एअरपोर्टवरच्या कचराडब्यात टाकून आलेले असतात. पंपाला जोडायची बॅटरी इथे दुकानात मिळते, पण ती घ्यायची आठवण होते तीही टॉर्चच्या उजेडात, घोट्याभर पाण्यात उभं राहून.

इथे एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. आयडाच्या रात्री न्यूयॉर्क शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा बेसमेंटमधल्या घरांत. ती तिथे कॅरम खेळायला उतरली नव्हती. राहायला परवडेल अशी जागा तेवढीच होती. पाणी चढत असेल आणि खाली वीज चालू असेल, तर दिवाळी अंक काय आणि हार्मोनियम काय, वाचवायला उतरायचं नाही. भिजलेली हार्मोनियम तशीही पुन्हा सुरात येत नाही.

पाणी ओसरलं की विम्याची पाळी. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, हे बहुतेकांना पुरानंतर कळतं. सम्प पंप तुंबून आलेलं पाणी वेगळं, त्याला वेगळं पुरवणी कलम. नदीनाल्याचं, रस्त्यावरून आलेलं पाणी वेगळं, त्याला १९६८ साली सुरू झालेली सरकारी पूरविमा योजना. आणि वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर ती घेऊन उपयोग नाही, कारण ती लागू व्हायला सहसा तीस दिवस लागतात. त्या योजनेतली पुराची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे. एरवी कोरड्या असणाऱ्या दोन एकरांवर पाणी पसरलं पाहिजे, नाहीतर निदान दोन मालमत्तांत शिरलं पाहिजे, त्यातली एक तुमची. म्हणजे एकट्याच्या घरात आलं तर तो पूर नव्हे. शेजाऱ्याच्या घरातही पाणी आलंय का, हे चौकशीच्या सुरात आणि मनातल्या मनात आशेने विचारणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि एवढं होऊन बेसमेंटमधलं मिळतं काय? फर्नेस, पाण्याची टाकी, सम्प पंप, कपडे धुवायचं मशीन, आणि डीप फ्रीझर, आतल्या खाण्याच्या वस्तूंसकट. सोफा नाही, गालिचा नाही, भिंतभर टीव्ही नाही. थोडक्यात, गोठवलेला खवलेला नारळ, ओल्या वाटाण्याच्या पिशव्या आणि गणपतीला आगाऊ करून ठेवलेल्या पुरणपोळ्या यांच्यामागे अमेरिकेचं सरकार उभं आहे. होम थिएटर तुमचं तुम्ही बघा.

मग वॉटरप्रूफिंगवाला येतो. पाहणी फुकट असते, त्यामुळे सगळे बोलावतात. तो भिंतीवर टॉर्च मारतो, ओलावा मोजायचं यंत्र लावतो आणि एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखा काहीच न बोलता मान हलवतो. भिंतीला लोणा लागलेला असतो, पांढरी पावडर. ती पाण्यासोबत आलेल्या क्षारांची असते आणि खराट्याने निघते, पण तो ती बोटावर घेऊन असा काही उभा राहतो की घरातली बाई खुर्ची ओढून बसते. उपाय एकच सांगतो. आतून चारही भिंतींच्या कडेने जमीन फोडायची, खडीत भोकांचा पाइप पुरायचा, पाणी खड्ड्याकडे न्यायचं, वरून काँक्रीट. आकडा ऐकून यजमान पाणी मागतात. खालून भूजलच वर येत असेल तर हे काम करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण कितीतरी घरांत पाणी खालून येत नसतं, वरून येत असतं, छपरावरून. हे तो सांगत नाही. छपराचं पाणी लांब नेण्याच्या पाइपात त्याला काय मिळणार?

आमच्या एका डोंबिवलीच्या मित्राकडे हा सगळा सरंजाम झाला. दोन पंप, बॅटरी, ओल आली की फोनवर घंटा वाजवणारा सेन्सर. घंटा ऑफिसात वाजते, चाळीस मैलांवर. करता काही येत नाही, नुसतं कळतं. एवढं करूनही पाऊस पडला की पंप आपला चालूच. मग त्याची आई आली, राजापूरकडची, सहा महिन्यांसाठी. पहिल्याच मोठ्या पावसात ती माउली छत्री घेऊन घराभोवती फिरली. आम्ही सगळे आत, भजी होणार म्हणून जमलेलो. परत आली ती रागानेच.

“अरे, अख्ख्या घराची पागोळी तू भिंतीच्या मुळात सोडलीयस.”

“आई, तो पन्हळीचा पाइप आहे. बिल्डरनेच तसा दिलाय.”

“बिल्डर राहतो का खाली? आणि तुझी ती मोटर, तिचं पाणी कुठे पडतं बघितलंस? तिथेच, दोन हातांवर. तू बाहेर फेकतोस, ते भिंतीतून परत आत येतं, तू परत फेकतोस. वीजबिल कोण भरतं रे?”

कुणी काही बोललं नाही. भजीसुद्धा थोडा वेळ कुणी उचलली नाहीत. कोकणातलं घर कधी जमिनीखाली जात नाही. चार पायऱ्या चढून जोत्यावर बसतं. वळचणीचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून छप्पर पुढे काढतात, अंगणाला उतार देतात, मिरगाआधी व्हाळाकडचा चर मोकळा करतात. हे त्या माउलीला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि इथल्या बांधकामाच्या नियमांतही नेमकं हेच लिहिलेलं आहे: घरापासूनच्या पहिल्या दहा फुटांत जमिनीला सहा इंच उतार पाहिजे. पन्हळीतला पाला काढायचा, पाइपाला पाच-सहा फुटांचा तुकडा जोडून पाणी लांब सोडायचं, भिंतीशी खचलेल्या जागी माती भरायची. तो तुकडा हार्डवेअरच्या दुकानात पंधरा-वीस डॉलरच्या आत मिळतो. पण याची मंडळात सांगण्यासारखी गोष्ट होत नाही. “आम्ही दोन पंप बसवले” याला वजन आहे. “आम्ही पाइप लांब केला” याला कोण विचारतो?

बुरशीच्या बाबतीत मात्र माउली हरली. बेसमेंटमध्ये कुबट वास येत होता. घरच्यांना तो येत नाही, पाहुण्याला येतो, आणि पाहुणा मराठी असला तर “छे हो, कुठे?” म्हणून जिना चढून मोकळ्या हवेत येतो. माउलीचं म्हणणं, खिडक्या उघडा, हवा खेळू दे. राजापूरला बरोबर. इथे जुलैत बाहेरची हवा दमट आणि गरम, खालची भिंत थंड. खिडकी उघडली की ती हवा आत येऊन भिंतीवर घाम फोडते आणि बुरशीचं आणखीच फावतं. उन्हाळ्यात खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर चालू, हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली, जमलं तर तीस ते पन्नासच्या मध्ये. त्या यंत्राची बादली रोज ओतावी लागते. घरोघरी तिच्यावरून जी वादावादी चालते ती दूध कुणी उतू घालवलं या वादाच्या बरोबरीची. मोरीत सोडायची नळी बरेचदा त्याच्याबरोबरच मिळते. ती पिशवीतच असते.

माउलीने पुढे कापूर जाळला, डांबराच्या गोळ्या टाकल्या, कडुलिंबाचा पाला कुठून मिळेल याची चौकशी केली. मित्राने ब्लीच शिंपडलं. सूनबाईने सुवासिक मेणबत्त्या आणल्या. तीन पिढ्यांचे तीन वास एकत्र आले आणि त्यांच्या खालून कुबट वास होता तसा येत राहिला. बुरशीला वासाचं काही सोयरसुतक नसतं, पाणी तोडलं तरच ती थांबते. भिजलेलं सामान चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सुकलं तर वाचलं. नाही सुकलं तर गालिचा, गादी, ड्रायवॉल असलं पाणी शोषणारं सगळं उचलून बाहेर. डाग तीन फूट बाय तीन फुटांच्या आतला असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने आपण घासावा. त्याहून मोठा असेल तर जाणकार बोलवावा, असं इथल्या पर्यावरण खात्याचं म्हणणं. ब्लीचवर त्यांचा फारसा भरवसा नाही. बुरशीवरून रंग मारणाऱ्यांवर तर नाहीच; चार महिन्यांत पोपडे धरून ती खालून डोकावते.

काय टाकायचं, यावर मित्राच्या घरी जी बैठक झाली तिला मी हजर होतो. सूनबाईचं म्हणणं, दिवाळी अंक टाका. मित्राचं म्हणणं, बॅगा टाका. बॅगा म्हटल्यावर माउली मध्ये पडली, कारण त्यातल्या दोन तिला परत न्यायच्या होत्या, भरून. कुणीतरी वाचलेलं होतं की भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवली तर बुरशी तिथल्या तिथे थांबते. मोठमोठी ग्रंथालयं तसं करतात. झालं. बत्तीस दिवाळी अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये गेले, आणि जागा करण्यासाठी पुरणपोळ्या बाहेर आल्या. म्हणजे विम्यात बसत होतं ते पोटात गेलं आणि बसत नव्हतं ते फ्रीझरमध्ये राहिलं. ते अंक अजून तिथेच आहेत. वाचायला मागितला तर मित्र म्हणतो, आदल्या रात्री सांगत जा, बाहेर काढून ठेवीन.

पाइपाचा तुकडा मात्र बसला. सहा फूट. पाणी आता भिंतीपासून लांब जाऊन कुंपणाशी जमायला लागलं, आणि कुंपणापलीकडे साताऱ्याचे गृहस्थ. पाण्याच्या वाटेवरून त्यांच्या घराण्याच्या किमान तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या. त्यांनी पहिल्याच पावसात बांधावरून, म्हणजे कुंपणावरून, हटकलं. आपलं पाणी दुसऱ्याच्या हद्दीत सोडायचं नाही, हा नियम इथेही आहे. ते टाउनशिपकडे अर्ज करायच्या तयारीत होते. रटगर्स विद्यापीठाची माणसं अशा ठिकाणी ‘रेन गार्डन’ करा म्हणून सांगतात. उथळ खड्डा करून पाणी पिणारी झाडं लावायची, पाणी तिथल्या तिथे जिरतं. मित्र संगणकावर त्याचे आराखडे बघत बसला होता. माउलीने तोवर एडिसनच्या देशी दुकानातून अळकुड्या आणल्या आणि पाइपाच्या तोंडाशी पुरून मोकळी झाली. राजापूरला मोरीचं पाणी जातं तिथे दुसरं लावतात काय?

ऑगस्टपर्यंत अळू कमरेएवढं वाढलं. पानं सुपाएवढी. माउलीने अळूवड्यांचं पहिलं ताट कुंपणावरून पलीकडे दिलं. अर्ज बारगळला. ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आत, अळकुड्या उपटून बेसमेंटमध्ये कोरड्या कोपऱ्यात ठेवल्या. तसा कोपरा तिथे आता मिळतो. या वर्षी सातारकर स्वतःहून आले आणि पाइपाचं तोंड जरा आपल्या बाजूला वळवता येईल का, म्हणून विचारून गेले.